रजा सुरू होण्याआधीचा पगार : सारा ब्योर्क गुन्नार्सदॉत्तिर विरुद्ध ल्यों

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची पद्धत आहे. हे प्रकरण आइसलँडच्या एका महिला फुटबॉलपटूचं. गरोदरपणात फ्रान्सच्या ल्यों क्लबाने तिचा पगार थांबवला आणि ती फिफाकडे, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संस्थेकडे, गेली. इथे खेळाडूचं आणि क्लबचं नाव झाकण्यात अर्थ नाही. निकाल जाहीर आहे, आणि खेळाडूने स्वतः नावानिशी सगळं लिहिलेलं आहे. इतरांची नावं मात्र शक्य तिथे गाळली आहेत.

मी फुटबॉलचा जाणकार नाही. माझी बरीच वर्षं आस्थापना विभागात हजेरीपट आणि पगारपत्रकं करण्यात गेली. हे प्रकरण मला भेटलं तेच मुळी पगाराचं प्रकरण म्हणून, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की हे सगळं आपण कुठेतरी पाहिलंय.

पार्श्वभूमी

आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं, बापाचं नाव असतं. गुन्नार्सदॉत्तिर म्हणजे गुन्नारची मुलगी. तिथे पंतप्रधानांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, म्हणून इथेही ती साराच.

जन्म सप्टेंबर १९९०, गाव हाफ्नार्फ्योर्दुर. राजधानी रेक्याविकजवळचं हे बंदर. गावातल्याच हौकार या क्लबात ती खेळायला लागली आणि २००७ मध्ये, सोळाव्या वर्षी, देशाच्या मुख्य संघात आली. पुढे शेजारच्या कोपावोगुरचा ब्रेइदाब्लिक क्लब. देशाची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. चांगल्या खेळाडूला पोट भरायचं तर बाहेर जावंच लागतं. २०११ मध्ये ती स्वीडनला माल्मोच्या क्लबात गेली (नंतर त्याचंच नाव रोसेनगोर्द झालं) आणि चार वेळा लीग जिंकली. २०१६ मध्ये जर्मनीच्या वुल्फ्सबुर्गला गेली, आणि तिथेही लीगची चार विजेतेपदं मिळाली.

जागा मधल्या फळीतली. दिवसभर पळणारी, चेंडू हिसकावणारी आणि वेळ आली की पुढे घुसून गोल करणारी. आइसलँडने २०१८ आणि २०२० असं दोनदा तिला वर्षातली सर्वोत्तम क्रीडापटू ठरवलं, तेही सगळ्या खेळांतून आणि पुरुष-स्त्रिया मिळून.

२०२० च्या उन्हाळ्यात ती फ्रान्सच्या ल्यों क्लबात आली. दोन वर्षांचा करार, जून २०२२ पर्यंत. महिला फुटबॉलमध्ये त्या काळी याच्यावरचा क्लब नव्हता. कोविडमुळे युरोपातल्या स्पर्धा लांबल्या होत्या, त्यामुळे एक विचित्र योग आला. ३० ऑगस्टला सान सेबास्तियानच्या रिकाम्या मैदानात चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या मुख्य स्पर्धेचा, अंतिम सामना झाला ल्यों आणि वुल्फ्सबुर्ग यांच्यात. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती ज्यांचा शर्ट घालत होती, त्यांच्याच विरुद्ध ८८ व्या मिनिटाला तिने ल्योंचा तिसरा गोल केला. सामना ३-१. दोन वर्षांपूर्वी कीव्हमध्ये वुल्फ्सबुर्गकडून खेळताना ती हाच अंतिम सामना ल्योंविरुद्ध हरली होती. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली आइसलँडची खेळाडू.

थोडक्यात, क्लबच्या दृष्टीने ही काठावरची खेळाडू नव्हती. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवायचं.

आणखी एक पार्श्वभूमी कागदावरची आहे. डिसेंबर २०२० मध्ये फिफाने महिला खेळाडूंच्या बाळंतपणाबद्दल नियम मंजूर केले आणि ते १ जानेवारी २०२१ पासून लागू झाले. किमान १४ आठवडे रजा, त्यातले किमान ८ बाळंतपणानंतर, आणि रजेत किमान दोन तृतीयांश पगार. गरोदर राहिली म्हणून करार मोडता येणार नाही. तिच्या जागी तात्पुरती दुसरी खेळाडू नोंदवायची असेल तर क्लबला नोंदणीची ठरलेली मुदत संपल्यावरही ती मुभा. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर मिळणाऱ्या २६ आठवड्यांशी तुलना केली तर १४ आठवडे कमीच वाटतात, पण या धंद्यात त्याआधी जगभरासाठी काहीच नव्हतं. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो हिने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत मुलं असलेल्या खेळाडू जेमतेम २ टक्के निघाल्या होत्या. ४७ टक्क्यांनी सांगितलं होतं की कुटुंबासाठी खेळ लवकर सोडावा लागेल.

या नियमांत रजेच्या कलमाशेजारी एक कमी चर्चेतलं कलम आहे. गरोदरपण कळल्यापासून रजा सुरू होईपर्यंत काय? तर खेळाडूला डॉक्टरांच्या संमतीने खेळत राहता येतं. खेळणं सुरक्षित नसेल किंवा तिला नको असेल तर तिला दुसऱ्या स्वरूपाचं काम मागता येतं. क्लबने ते मान्य करायचं, तिच्याशी बसून लेखी आराखडा करायचा आणि या काळात पूर्ण पगार द्यायचा. रजा कधी सुरू करायची हेही तीच ठरवणार.

सगळं भांडण या एका कलमावर झालं.

अडचण

२०२१ च्या सुरुवातीला साराला दिवस गेल्याचं कळलं. जोडीदारही व्यावसायिक फुटबॉलपटू. सुरुवातीला मोजक्या लोकांनाच माहीत होतं, क्लबचे डॉक्टर त्यांतले एक. एप्रिलमध्ये बातमी जाहीर झाली. ल्योंची कुणी खेळाडू बाळंतपणानंतर पुन्हा त्याच संघात परतल्याचं उदाहरण तोवर नव्हतं, असं तिने नंतर लिहिलं. ती पहिली होणार होती आणि तिला त्याचा अभिमानही होता.

उरलेले महिने मायदेशी, आपल्या माणसांत काढावेत अशी तिची इच्छा होती. क्लब हो म्हणाला. ती आइसलँडला गेली.

पुढचा प्रसंग तिनेच सांगितलेला आहे. पगाराचा दिवस आला आणि खात्यात पगार नाही. फ्रान्सच्या सामाजिक सुरक्षा निधीतून येणारी थोडीशी रक्कम तेवढी होती. ती चिडली नाही, लगेच एजंटलाही फोन केला नाही. आधी संघातल्या मैत्रिणींना विचारलं, तुमचे आले का? त्यांचे आले होते.

ज्याने पगारावर संसार चालवलाय त्याला या प्रश्नाचा सूर ओळखीचा वाटेल. बँकेत काही घोळ असेल, सुट्टी आली असेल, सगळ्यांचेच अडकले असतील. आपल्या एकटीचेच अडकलेत हे कळेपर्यंत माणूस दुसरंच कारण शोधत असतो. दुसऱ्या महिन्यातही तेच झालं, तेव्हा एजंटने क्लबला लिहिलं.

तिच्या सांगण्यानुसार, उत्तर यायला वेळ लागला. मागच्या दोन महिन्यांबद्दल दिलगिरी आली, पण पुढच्या महिन्यांबद्दल क्लबने हात वर केले. फ्रान्सच्या कायद्यानुसार आमच्याकडून काही देणं निघत नाही, अशी भूमिका.

क्लबची बाजूही नीट मांडायला हवी. फ्रान्समध्ये वैद्यकीय कारणाने काम थांबलेल्या कर्मचाऱ्याला सामाजिक सुरक्षेतून भत्ता मिळतो. मालकाने वर किती द्यायचं हे कायद्यावर आणि त्या क्षेत्रातल्या करारांवर ठरतं. क्लबचं म्हणणं, ती खेळत नव्हती, स्वतःच्या विनंतीवरून परदेशी होती, आणि आम्ही आमच्या देशाचा कायदा पाळला. पुढे हे प्रकरण जाहीर झाल्यावरही क्लबने हेच सांगितलं आणि जोडीला, आम्ही तिला सर्वतोपरी साथ दिली, असंही.

हिशेबनिसाच्या खुर्चीतून पाहिलं तर यात बदमाशीच असली पाहिजे असं नाही. खेळाडू मैदानावर नाही म्हणजे कामावर नाही, कामावर नाही म्हणजे आजारी रजेवर, आणि आजारी रजेचा नियम ठरलेला. रकाना भरला गेला. नव्या नियमात एक तिसरा रकाना आलाय, हे कुणी पाहिलंच नाही.

माझ्या एका जुन्या कंपनीत सहावा महिना लागलेल्या एका मुलीला मशीनवरून हलवायचं होतं. सुपरवायझरने चांगल्या मनाने तिला तोंडी सांगितलं, काही दिवस घरीच बस. महिनाअखेरीला हजेरीपट माझ्याकडे आला तेव्हा तिच्या नावापुढे सलग अठरा दिवस ‘गै’ लागलेला होता, गैरहजर. सुपरवायझरने सांगितलेलं कागदावर नव्हतं. ते निस्तरायला आम्हाला दोन महिने लागले, आणि तिथे भांडण नव्हतंच.

पर्याय काय होते

पहिला निर्णय एप्रिलमधला. खेळत राहणं हा पर्याय नियमात होता, पण मधल्या फळीत धक्काबुक्की अटळ असते, तेव्हा तो फार दिवसांचा नव्हताच. ल्योंमध्येच राहून दुसरं काम करता आलं असतं. सामन्यांचे व्हिडिओ पाहून टिपणं काढणं, अकादमीतल्या मुलींबरोबर बसणं, प्रायोजकांची कामं. तिसरा पर्याय घरी जाण्याचा. तिने तो निवडला, आणि पहिलं मूल, परका देश, कोविडचं वर्ष हे सगळं पाहता तिला दोष देणं मला तरी जमणार नाही.

माझ्या मते चूक, असलीच तर, निवडीत नव्हती. क्लबने ‘हो’ म्हटलं ते नक्की कशाला, हे मोकळं राहिलं. जायला हो, की बिनपगारी जायला हो? की आइसलँडमध्ये राहून काही काम करायला हो? तिन्हींचा पगार वेगळा निघतो.

दुसरा निर्णय जास्त अवघड, उन्हाळ्यातला. गप्प बसून बाळंतपण उरकायचं, परत जायचं, खेळायचं आणि गेले ते पैसे गेले म्हणायचं, हा बहुतेकजणी घेतील तो मार्ग. त्यात शहाणपण नाही असंही नाही. करार जून २०२२ ला संपणार होता आणि जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये युरो स्पर्धा होती, जिथे ती कर्णधार म्हणून जाणार होती. त्याआधी सामने खेळायला मिळणं गरजेचं, आणि ते कोण देणार? ज्याच्यावर तक्रार करायची तोच क्लब. फ्रान्सच्या कामगार न्यायालयात जाता आलं असतं, पण तिथे तोच फ्रेंच कायदा केंद्रस्थानी आला असता ज्याच्या आड क्लब उभा होता. उरला फिफाचा वादनिवारण कक्ष. नियम नवे, त्यांवर असा निकाल एकही नाही, म्हणजे अंदाज बांधायलाही आधार नाही.

यात एक गोष्ट तिच्या बाजूची होती. तिला एकटीने लढावं लागणार नव्हतं. फिफप्रोला या नव्या नियमांची कसोटी लागायला हवीच होती.

काय केलं

एजंटने आधी पत्रव्यवहार केला. उत्तरं येईनात तेव्हा फिफाकडे जाण्याची कल्पना क्लबला दिली. त्यावर क्लबच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडून असा निरोप आला की फिफाकडे गेली तर तिला ल्योंमध्ये भविष्य नाही. हे साराच्या लेखातलं आहे आणि मी तिच्या म्हणण्यापुरतंच नोंदवतो. मात्र तिने घेतलेला निर्णय याच टप्प्यावरचा. माघार घेण्याचं कारण समोर मांडलं गेल्यावर तिने फिफप्रोच्या मदतीने तक्रार दाखल केली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुलगा झाला. जानेवारी २०२२ मध्ये, बाळ दोन महिन्यांचंही नसताना, ती ल्योंला परतली आणि सरावाला लागली. तक्रार चालू असलेल्या मालकाकडे रोज सकाळी हजेरी लावायची, हा भाग निकालपत्रात कुठे येत नाही. मार्चमध्ये ती पुन्हा मैदानात उतरली.

या महिन्यांत दुसरा खटका उडाला. ती अंगावर पाजत होती. बाहेरगावच्या सामन्याला बाळ बरोबर न्यायचं म्हटलं तर क्लबची नाराजी. प्रवासात बाळ रडलं, इतर खेळाडूंना त्रास झाला तर, असं कारण, हेही तिच्याच लेखातून. पाजण्यासाठी किंवा दूध काढण्यासाठी संधी आणि सोय देणं हे त्याच नियमांत लिहिलेलं आहे. पण नियम लिहिणाऱ्याने बहुधा सरावाचं मैदान डोळ्यांसमोर आणलं असावं. दोन दिवसांचा दौरा, बस, हॉटेल आणि वर बाळाला सांभाळणारी बाई, तिचं तिकीट कुणी काढायचं, असा हिशेब त्यात नाही.

निकाल

मे २०२२ मध्ये कक्षाने निकाल दिला. ल्योंने साराला ८२,०९४ युरो ८२ सेंट द्यावेत, वर वार्षिक ५ टक्के व्याज. त्या वेळच्या दराने मुद्दलच पासष्ट-सत्तर लाख रुपयांच्या घरात जातं. रजा सुरू होईपर्यंत पूर्ण पगार देय होता, हे मान्य झालं. फिफाच्या नियमांप्रमाणे असे पैसे मुदतीत भरले नाहीत तर क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येऊ शकते, त्यामुळे निकाल कागदावरच राहण्याची भीती नव्हती. नवे नियम आल्यानंतरचा या प्रकारचा हा पहिला निकाल, असं फिफप्रोने सांगितलं.

मला यात रकमेपेक्षा कारणमीमांसा महत्त्वाची वाटते. ती दुसरं काम करू शकत होती का, तिने मागितलं का, तिने क्लबला विचारलं का, असा जाब तिला विचारता आला असता आणि ती अडचणीत आली असती. कक्षाने भार उलट्या बाजूला ठेवला. दुसरं काम काय देता येईल हे शोधणं, तिच्याशी बोलणं, आराखडा करणं ही क्लबची जबाबदारी, आणि ती पार पाडल्याचं क्लबला दाखवता आलं नाही. ती आइसलँडमध्ये असताना क्लबकडून तिची शारीरिक-मानसिक विचारपूसही झाली नाही, असं ती सांगते. तिच्या लेखात पैशांपेक्षा याच गोष्टीची बोच जास्त जाणवते.

करार संपला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ती इटलीच्या युव्हेंटसमध्ये गेली. युरो स्पर्धेत आइसलँडने बेल्जियम, इटली आणि फ्रान्स या तिघांशीही १-१ अशी बरोबरी केली आणि एकही सामना न हरता संघ घरी गेला. ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालने जादा वेळेत ४-१ असं हरवून विश्वचषकाचं दार बंद केलं. जानेवारी २०२३ मध्ये तिने १४५ सामन्यांनंतर राष्ट्रीय संघ सोडला, आणि ल्योंची सगळी हकीकत लिहून प्रसिद्ध केली ती त्याच महिन्यात. निकाल लागून तोवर आठ महिने झाले होते. २०२४ मध्ये ती सौदी अरेबियातल्या अल कादसिया क्लबात गेली.

वेगळं काय करता आलं असतं

साराच्या बाजूने पाहिलं तर एकच गोष्ट. घरी निघण्याआधी एक पानभर पत्र. मी अमुक तारखेपासून आइसलँडमध्ये राहीन, मला तिथून ही कामं करता येतील, रजा अमुक तारखेला सुरू करीन, तोवर पगार नियमाप्रमाणे चालू राहील. एजंटनेही ते पाठवता आलं असतं. या पत्राविना ती जिंकली हे खरं, पण त्यात वर्ष गेलं. पुढच्या खेळाडूचा वकील हे पत्र आधी लिहील असं मी धरून चालतो.

क्लबला तर फारच स्वस्तात सुटता आलं असतं. चार देशांच्या लीग खेळलेली, वुल्फ्सबुर्गचा खेळ आतून माहीत असलेली मधल्या फळीतली खेळाडू लॅपटॉप घेऊन घरी बसली आहे. तिच्याकडून आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याचं टिपण मागितलं असतं तरी ‘दुसरं काम’ झालं असतं आणि पगाराला कागद मिळाला असता. त्याऐवजी क्लबने काम घेतलं नाही, आणि पगार मात्र शेवटी व्याजासकट भरला.

पहिल्या महिन्यात पगारपत्रक बनवणाऱ्या माणसाबद्दलही मला कुतूहल आहे. त्याला वर्षाच्या सुरुवातीला लागू झालेल्या नियमांचं परिपत्रक कुणी दिलं होतं का? मोठ्या संस्थांत असे नियम कायदा विभागापर्यंत येतात आणि तिथेच मुरतात.

नियमांतली भोकंही काही बुजली. जून २०२४ पासून फिफाने ही तरतूद प्रशिक्षकांनाही लागू केली. मूल दत्तक घेणाऱ्या आणि स्वतः जन्म न दिलेल्या आईलाही रजा मिळू लागली, आणि पाळीच्या त्रासासाठी पगारी अनुपस्थितीही आली. दौऱ्यावरच्या बाळाचा प्रश्न मात्र अजून बराचसा त्या त्या संघाच्या मर्जीवर आहे. ल्योंचीच दुसरी खेळाडू आमेल माजरी हिला जुलै २०२२ मध्ये मुलगी झाली, म्हणजे साराच्या निकालानंतर दोन महिन्यांनी. २०२३ च्या विश्वचषकाला फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाने माजरीला मुलीला बरोबर आणायची परवानगी दिली. ऑस्ट्रेलियाला जाताना मुलगी साधारण एक वर्षाची होती.